तलवार भारी की मंत्र? – फाशांच्या लढाईतील समतोलाचे गणित

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंना सारखीच सोळा मोहरी असतात. पांढऱ्याला पहिली खेळी मिळते एवढा फरक सोडला, तर दोघांचे बळ तंतोतंत सारखे असते. त्यामुळे हरणाऱ्याला "तुझे सैन्य मोठे होते" अशी सबब सांगता येत नाही. आता नेपाळातील बाघचाल हा खेळ पाहा. यात एका खेळाडूकडे चार वाघ आणि दुसऱ्याकडे वीस बकऱ्या असतात. वाघाने उडी मारून बकरी खायची आणि बकऱ्यांनी मिळून वाघांची कोंडी करायची. इथे संख्या वेगळी, चाल वेगळी, उद्दिष्टही वेगळे. तरीसुद्धा सामना रंगतो. बुद्धिबळातील समतोल आपोआप मिळतो, कारण दोन्ही बाजू एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या आहेत. बाघचालमधील समतोल मात्र कोणाला तरी विचार करून साधावा लागला असणार.

आज आपण ज्या खेळाची माहिती घेणार आहोत, त्यात असा समतोल साधण्याचे काम याहूनही कठीण आहे. कारण तिथे चार-पाच खेळाडू असतात, प्रत्येकाचे बळ निराळ्या जातीचे असते आणि प्रत्येक लढाईचा निकाल फाशांवर ठरतो. हे काम ज्या गणिताने होते, ते तुमच्या शाळेच्या पुस्तकातलेच आहे.

पट नसलेला खेळ

१९७४ च्या जानेवारीत अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून एक खोके विक्रीला आले. त्यात मुख्यतः तीन पुस्तिका होत्या. खेळाचे नाव होते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे भुयारे आणि आग ओकणारे राक्षसी सर्प. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिल्या छपाईच्या अवघ्या एक हजार प्रती होत्या. पुढे या खेळाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि त्याच धर्तीचे शेकडो खेळ जगभर तयार झाले.

हा खेळ खेळतात कसा? खेळाडूंपैकी एक जण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, "समोर लोखंडी दार आहे. आतून गुरगुरण्याचा आवाज येतो आहे. काय करता?" खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर देतात. जे सहज जमण्यासारखे असते ते जमते. जमेल की नाही याची खात्री नसेल, तेव्हा फासा टाकायचा. खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळत नाहीत. सगळे मिळून संकटाला तोंड देतात.

या खेळाचे मूळ युद्धखेळांत आहे. १८२४ साली प्रशियातील राइसविट्झ या अधिकाऱ्याने लष्कराच्या शिक्षणासाठी असा एक खेळ तयार केला होता. त्यात नकाशा होता, फासे होते आणि निर्णय देणारा पंचही होता. मात्र अशा खेळांत एक खेळाडू संपूर्ण सैन्य चालवीत असे. गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी एका खेळाडूला एकच माणूस दिला. त्यामुळे एक नवाच प्रश्न उभा राहिला.

१९७४ च्या नियमांत पात्रासाठी तीन पेशे होते : योद्धा, मांत्रिक आणि धर्मगुरू. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर हा चौथा पेशा आला. योद्धा शस्त्र चालवतो, मांत्रिक मंत्र टाकतो, धर्मगुरू जखमा बऱ्या करतो, चोर कुलपे उघडतो. सैन्यात तोफा भारी आणि पायदळ हलके असले तरी तक्रार करायला कोणी नसते, कारण दोन्ही एकाच खेळाडूची असतात. पण इथे मांत्रिक एका मुलाचा आहे आणि योद्धा दुसऱ्याचा. मांत्रिकाच्या एका मंत्राने सगळे शत्रू लोळणार असतील, तर योद्धा झालेल्या मुलाने तीन तास काय करायचे? टेबलाशी बसून नुसते पाहायचे? समतोलाचा प्रश्न तो हाच. आता त्याच्या गणिताकडे वळू.

वीस पैलूंचा फासा

आपला नेहमीचा फासा घनाकृती असतो. ज्याचे सर्व पैलू एकरूप सुसम बहुभुज आहेत आणि प्रत्येक कोपऱ्यावर सारखेच पैलू मिळतात, अशा बहिर्वक्र घनाकृती पाचच असू शकतात. त्यांना अनुक्रमे ४, ६, ८, १२ आणि २० पैलू असतात. ही गोष्ट युक्लिडच्या ग्रंथाच्या शेवटी सिद्ध केलेली आहे. शाळांना शैक्षणिक साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीकडे या पाचही आकृत्यांच्या फाशांचा संच मिळत असे. तोच या नव्या खेळात आला. वीस पैलूंचा फासा ही काही नवी गोष्ट नव्हे. इजिप्तमध्ये सापडलेला, पैलूंवर ग्रीक अक्षरे कोरलेला असा प्राचीन फासा न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहे.

वीस पैलू सारखे असल्यामुळे कोणताही एक आकडा पडण्याची संभाव्यता १/२०, म्हणजे ५ टक्के असते. हिशेबाला ही फार सोयीची संख्या आहे.

१९७४ च्या नियमांप्रमाणे नवशिक्या माणसाने वार केला, की वीस पैलूंचा फासा टाकायचा. समोरच्याच्या अंगावर चिलखत नसेल तर १० किंवा अधिक पडले पाहिजेत. चामड्याचे चिलखत असेल तर १२ किंवा अधिक, आणि संपूर्ण पोलादी चिलखत व ढाल असेल तर १७ किंवा अधिक. आता मोजू :

चिलखत नाही – १० ते २०, म्हणजे ११ आकडे अनुकूल. संभाव्यता ५५ टक्के.
चामड्याचे चिलखत – १२ ते २०, म्हणजे ९ आकडे. संभाव्यता ४५ टक्के.
पोलादी चिलखत व ढाल – १७ ते २०, म्हणजे ४ आकडे. संभाव्यता २० टक्के.

वार लागला की किती इजा झाली हे पाहण्यासाठी साधा सहा पैलूंचा फासा टाकायचा. त्याची सरासरी (१+२+३+४+५+६) ÷ ६ = ३.५. प्रत्येक पात्राला काही 'प्राणांक' असतात. इजा त्यांतून वजा होते आणि शून्यावर आले की पात्र कोसळते. पूर्वीच्या युद्धखेळांत बहुधा एक घाव लागला की प्यादे बाद होत असे. पण महिनोन् महिने सांभाळलेले आपले एकुलते एक पात्र एका घावात गमवायला कोण तयार होईल? म्हणून ही शिल्लक.

आता दोघांची तुलना करू. समजा योद्ध्याचे प्राणांक १२ आहेत आणि तो पोलादी चिलखतात आहे. दर फेरीला त्याला होणारी सरासरी इजा ०.२० × ३.५ = ०.७. म्हणजे तो अंदाजे १२ ÷ ०.७ = १७ फेऱ्या टिकेल. मांत्रिकाला चिलखत घालण्याची परवानगी नाही, आणि समजा त्याचे प्राणांक ५ आहेत. त्याची सरासरी इजा ०.५५ × ३.५ = १.९२५, तो अडीच-तीन फेऱ्यांतच आडवा होईल. एकाच शत्रूपुढे एक सतरा फेऱ्या उभा राहतो, तर दुसरा तीनही नाही. म्हणूनच योद्ध्याने दारात उभे राहायचे आणि मांत्रिकाने त्याच्या पाठीमागे, ही व्यूहरचना कोणी न शिकवताच खेळाडूंना सुचते.

एक अंक, पण किती मोलाचा?

समजा तुम्हाला एक जादूची ढाल मिळाली. तिच्यामुळे शत्रूला वार लागण्यासाठी एक अंक जास्त पाडावा लागतो. ही ढाल कोणाला द्यावी? फासा तर दोघांच्याही बाबतीत पाचच टक्क्यांनी बदलणार. मग कोणालाही दिली तरी सारखेच, असे वाटते. पण हिशेब करून पाहा.

चिलखत नसलेल्या माणसाला लागणाऱ्या वारांचे प्रमाण ५५ वरून ५० टक्क्यांवर येईल. म्हणजे दर ११ वारांतील एक वाचला. पोलादी चिलखतातील योद्ध्याचे प्रमाण २० वरून १५ टक्क्यांवर येईल. म्हणजे दर ४ वारांतील एक वाचला! आधीच भक्कम असलेल्याला तीच ढाल जास्त उपयोगी पडते. अशा आणखी तीन ढाली त्यालाच दिल्या, तर फाशावर २० पडूनही वार लागणार नाही. तो अभेद्य होईल आणि खेळच संपेल. ही अडचण ओळखूनच नंतरच्या नियमांत फाशावर २० पडले की वार लागलाच, असे ठरवण्यात आले. अशा जोड अंकांवर मर्यादा घालण्याकडेही नियमकर्त्यांचे लक्ष गेले.

सरासरी सारखी असली म्हणजे सारे काही सारखे झाले, असेही नाही. २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीत दुहाती मोठ्या तलवारीच्या इजेसाठी दोन सहापैलू फासे टाकतात, तर मोठ्या कुऱ्हाडीसाठी एक बारापैलू फासा. तलवारीची सरासरी ७, कुऱ्हाडीची ६.५. पण दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १२ ही बेरीज एकाच प्रकारे येते, आणि ७ मात्र सहा प्रकारे येते. म्हणून तलवार मधल्या आकड्यांभोवती घुटमळते. तिला १२ पडण्याची संभाव्यता १/३६. कुऱ्हाडीला १२ पडण्याची संभाव्यता १/१२, म्हणजे तिप्पट. पण ३ किंवा कमी पडण्याची संभाव्यताही तलवारीला १/१२ आणि कुऱ्हाडीला १/४, म्हणजे तीही तिप्पट! भरवसा हवा असणाऱ्याने तलवार घ्यावी, दैवाची परीक्षा पाहायची असेल त्याने कुऱ्हाड. सरासरीइतकाच तिच्याभोवतीचा विखार, म्हणजे आकड्यांचे विखुरलेपण, महत्त्वाचे असते.

सरळ रेषा आणि वक्ररेषा

आता मुख्य भांडणाकडे येऊ. योद्धा आणि मांत्रिक यांच्यात भारी कोण?

खेळत गेले की पात्राला अनुभवाचे गुण मिळतात आणि ते एकेक पायरी वर चढते. पहिल्या पायरीवरच्या मांत्रिकाला १९७४ च्या नियमांत दिवसाला एकच मंत्र टाकता येई. चिलखत नाही, आणि हातात फार तर खंजीर. तो एक मंत्र संपला की बिचारा दिवसभर योद्ध्याच्या आडोशाला. पण पायरी चढत गेली की दोन गोष्टी एकदम वाढतात : मंत्रांची संख्या वाढते आणि एकेका मंत्राची ताकदही वाढते. उदाहरणार्थ, अग्निगोल हा प्रसिद्ध मंत्र घ्या. मांत्रिक जितक्या पायरीवर असेल, तितके सहापैलू फासे इजेसाठी टाकायचे.

हे ओळखीचे वाटते का? लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट केली, की आयताचे क्षेत्रफळ चौपट होते. तसेच हे आहे. सोयीसाठी एक ढोबळ नमुना घेऊ. समजा 'न' या पायरीवर मांत्रिकाला न मंत्र मिळतात आणि प्रत्येकाची ताकद न एकक आहे. मग त्याचे एकूण बळ न × न = न². योद्ध्याचे कौशल्य मात्र दर पायरीला सारखेच वाढते; त्याचे बळ ५न धरू. आता आकडे मांडा :

पायरी १ – योद्धा ५, मांत्रिक १
पायरी ५ – योद्धा २५, मांत्रिक २५
पायरी १० – योद्धा ५०, मांत्रिक १००
पायरी २० – योद्धा १००, मांत्रिक ४००

आलेख काढलात तर योद्ध्याची सरळ रेषा आणि मांत्रिकाचा अन्वस्त पाचव्या पायरीवर एकमेकांना छेदताना दिसतील. त्याआधी मांत्रिक होणारा कंटाळतो, त्यानंतर योद्धा होणारा. आकडे आपण सोयीचे घेतले असले, तरी आकृतीचा आकार खराच आहे. इंग्रजी खेळाडूंत तर "योद्धा एकघाती, मांत्रिक द्विघाती" अशा अर्थाची म्हणच पडली आहे.

पहिल्या कर्त्यांना हे माहीत नव्हते असे नाही. त्यांनी पेशांच्या पायऱ्या वेगवेगळ्या उंचीच्या ठेवल्या. दुसऱ्या पायरीवर जायला योद्ध्याला २००० गुण लागत, मांत्रिकाला २५०० आणि धर्मगुरूला १५००. १९७५ च्या पुरवणीत चोराला १२०० लागू लागले. त्याच पुरवणीत प्राणांकांसाठी योद्ध्याला आठपैलू, धर्मगुरूला सहापैलू आणि मांत्रिक व चोर यांना चारपैलू फासा मिळाला. म्हणजे सौदा असा होता : आज जीव मुठीत धरून वाच, तर उद्या सत्ता तुझी. यात समतोल होता, पण तो पात्राच्या साऱ्या आयुष्याचा हिशेब केला तर. एखाद्या रविवारच्या खेळात तो सापडेलच असे नाही. १९८९ च्या सुधारित नियमांत अग्निगोलाला दहा फाशांची कमाल मर्यादा आली, म्हणजे वर जाणाऱ्या वक्ररेषेवर छत घालण्यात आले.

दिवसाचा जमाखर्च

योद्ध्याची तलवार वारा घालून झिजत नाही. मांत्रिकाचे मंत्र मात्र मोजके असतात. ते वापरले की रात्रभर विश्रांती घेतल्याशिवाय परत मिळत नाहीत. म्हणून दोघांची तुलना एका वारावर न करता पूर्ण दिवसावर केली पाहिजे.

समजा मांत्रिकाकडे दिवसाला चार अग्निगोल आहेत आणि प्रत्येकात आठ सहापैलू फासे. एकाची सरासरी ८ × ३.५ = २८, चारांची ११२. योद्धा दर फेरीला सरासरी १० इजा करतो, असे धरू. दिवसात तीन फेऱ्यांची एकच लढाई झाली, तर योद्ध्याच्या खाती ३० आणि मांत्रिकाच्या खाती तीन गोलांचे ८४. पण चार-चार फेऱ्यांच्या सहा लढाया झाल्या, तर योद्धा २४ फेऱ्यांत २४० करील आणि मांत्रिक ११२ वरच थांबेल. बरोबरी कुठे? ११२ ÷ १०, म्हणजे ११ फेऱ्यांच्या थोडे पुढे.

पाहा, पुस्तकातील एकही नियम न बदलता केवळ दिवसातील लढायांची संख्या बदलली आणि पारडे फिरले! म्हणजे समतोल नियमांत जितका असतो, तितकाच सूत्रधाराच्या हातातही असतो. २०१४ च्या सूत्रधाराच्या पुस्तकात खेळाडूंचा गट एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ लढाया झेपवू शकतो, असे म्हटले आहे. त्यामागे हाच जमाखर्च आहे. प्रत्येक लढाईनंतर खेळाडूंना झोपू देणारा सूत्रधार नकळत मांत्रिकाची बाजू घेत असतो.

एक राक्षस की चार भुते?

अग्निगोल एकाच वेळी अनेकांवर पडतो. याचे मोल किती? त्यासाठी लढाईत संख्येचा परिणाम कसा होतो ते पाहू.

चार सारखी भुते आहेत. प्रत्येक भूत दर फेरीला एक एकक इजा करते. आपला गट दर फेरीअखेर एका भुताला गारद करतो. पहिल्या फेरीत चार भुतांचे वार बसले, दुसऱ्या फेरीत तिघांचे, मग दोघांचे, मग एकाचे. एकूण ४ + ३ + २ + १ = १० एकक. एकच भूत असते तर? अवघे १ एकक. भुते चौपट, पण त्रास दहापट! १, ३, ६, १० या त्रिकोणी संख्या तुमच्या ओळखीच्या आहेत. सूत्र न(न+१)/२.

आता समजा गटातील प्रत्येकाने वेगळे भूत निवडले आणि चारही भुते चौथ्या फेरीअखेर एकदमच पडली. मग चार फेऱ्या चौघांचे वार सोसावे लागतील : ४ × ४ = १६ एकक. म्हणून अनुभवी खेळाडू सारे मिळून एकाच शत्रूवर तुटून पडतात. आणि अग्निगोलाने पहिल्याच फेरीत चारही भुते पडली तर? फक्त ४ एकक. मांत्रिकाने केवळ इजा केली नाही, त्याने मित्रांचे सहा घाव वाचवले.

फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने १९१६ च्या आपल्या विमानयुद्धावरील पुस्तकात असाच नियम मांडला होता. दुरून मारा करणाऱ्या आधुनिक सैन्याचे बळ त्याच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते, असा तो नियम. २०१४ च्या नियमांतही दोन शत्रू असतील तर लढाईची अवघडता मोजताना दीडपट आणि तीन ते सहा असतील तर दुप्पट धरावी, असे कोष्टक होते. बरेच सूत्रधार एक भलाथोरला राक्षस चौघांपुढे उभा करतात आणि तो दोन फेऱ्यांत मेला की चकित होतात. कारण साधे आहे : त्याच्या एका वारामागे समोरून चार वार येतात.

बरोबरीची लढाई न्याय्य असते का?

आतापर्यंत आपण पेशा-पेशांतील समतोल पाहिला. खेळाडू आणि शत्रू यांच्यात कसा समतोल हवा? "दोघांना जिंकण्याची सारखीच संधी द्यावी" असे उत्तर पटकन सुचते. बुद्धिबळात ते बरोबर आहे. इथे मात्र ते साफ चूक ठरेल.

प्रत्येक लढाईत जिंकण्याची संभाव्यता १/२ असेल, तर लागोपाठ पाच लढाया जिंकण्याची संभाव्यता १/२ × १/२ × १/२ × १/२ × १/२ = १/३२. सूत्रधाराचे भूत हरले तर त्याच्याकडे दुसरे तयार असते. खेळाडू हरला तर त्याची कथाच संपते. बरे, जिंकण्याची संधी ९५ टक्के ठेवली तर? वीस लढायांनंतर (०.९५)²⁰, म्हणजे सुमारे ३६ टक्केच गट शाबूत राहतील. ९९ टक्के ठेवली तर ८२ टक्के. एका लढाईत क्षुल्लक वाटणारा धोका वीस वेळा गुणला की असा वाढतो. म्हणून पारडे खेळाडूंकडे बरेच झुकलेले ठेवावे लागते, आणि तरीही प्रत्येक लढाईत जीव टांगणीला लागल्यासारखे वाटले पाहिजे. चांगल्या सूत्रधाराचे कसब यातच आहे.

कर्त्यांनी शोधलेले उपाय

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सर्व पेशांसाठी पायऱ्या एकाच उंचीच्या झाल्या. हिशेब सोपा झाला, पण मांत्रिकाच्या वाटेतील एक जुना अडसरही निघाला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने दुसरे टोक गाठले. रक्षक, प्रहारक, नायक आणि नियंत्रक अशा चार भूमिका ठरवून योद्ध्यालाही मांत्रिकासारख्याच मोजून वापरायच्या युक्त्या दिल्या : काही केव्हाही, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. वक्ररेषा आणि सरळ रेषा जवळजवळ एकमेकींवर आल्या. परंतु अनेक खेळाडूंनी तक्रार केली की आता तलवार आणि मंत्र यांत फरकच उरला नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मधला मार्ग निघाला. मांत्रिकाला न संपणारे काही किरकोळ मंत्र मिळाले, पण अनेक प्रभावी मंत्रांपैकी एका वेळी एकाच मंत्रावर चित्त एकाग्र ठेवता येईल, असे बंधन आले. योद्ध्याच्या वारांची संख्या पाचव्या पायरीला दोन, अकराव्या पायरीला तीन आणि विसाव्या पायरीला चार झाली. २०२४ साली या नियमांची पुन्हा दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे झाली तरी काम चालूच आहे.

यावरून काय दिसते? आकडे सारखे करणे म्हणजे समतोल नव्हे. क्रिकेटच्या संघात यष्टिरक्षक आणि गोलंदाज यांची तुलना केवळ धावांवर कोणी करत नाही. एखाद्या पेशाचे मोल जोखायचे तर असे विचारावे : हा गटातून वजा केला, तर कोणते काम अडेल? योद्धा नसेल तर मांत्रिक तीन फेऱ्याही टिकत नाही, हे आपण मोजले. मांत्रिक नसेल तर चार भुते दहा घाव घालतात, हेही मोजले. ज्याला वजा करूनही काहीच अडत नाही, तो पेशा कमकुवत. आणि ज्याच्या एकट्याने सगळेच भागते, तो पेशा जास्तच भारी. दोन्ही ठिकाणी कोणीतरी एक मित्र टेबलाशी रिकामा बसलेला असतो.

करून पाहा

एक साधा सहापैलू फासा, कागद आणि पेन्सिल घ्या. दोन पात्रे बनवा. गदाधराचा वार फक्त ६ पडल्यावर लागतो, पण लागला की ६ इजा होते. खड्गधराचा वार ४, ५ किंवा ६ पडल्यावर लागतो आणि इजा २ होते. सरासरी काढा : गदाधराची १/६ × ६ = १ आणि खड्गधराची १/२ × २ = १. दोघांनाही १२ प्राणांक द्या. दोघांनी एकाच वेळी फासे टाकायचे. दोघे एकदम पडले तर बरोबरी धरा.

शत्रूला पाडायला गदाधराला २ वार लागायला हवेत आणि खड्गधराला ६. म्हणजे दोघांनाही सरासरी १२ फेऱ्या लागतात. मग सामना बरोबरीचा म्हणायचा का? घाई करू नका. दहा फेऱ्यांच्या आत काम फत्ते होण्याची संभाव्यता गदाधराची सुमारे ५२ टक्के आहे, तर खड्गधराची सुमारे ३८ टक्के. उलट, वीस फेऱ्या झाल्या तरी काम न होण्याची संभाव्यता गदाधराची १३ टक्के आहे आणि खड्गधराची जेमतेम २ टक्के. यावरून अंदाज बांधा आणि मग खेळून पडताळा.

नंतर दोघांचे प्राणांक १२ ऐवजी १३ करा. आता गदाधराला ३ वार, म्हणजे सरासरी १८ फेऱ्या लागतील; खड्गधराला ७ वार, म्हणजे १४ फेऱ्या. एका प्राणांकाने एवढा फरक का पडला, ते शोधा. गदेच्या तिसऱ्या घावातील किती इजा वाया गेली, हे मोजलेत की उत्तर सापडेल.

एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि प्रत्येक सामन्याची नोंद ठेवायची, हे पथ्य मात्र पाळा. पाच-दहा सामन्यांवरून निष्कर्ष काढू नका. शिक्षकांनी वर्गातील चाळीस मुलांच्या वीस जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीने पाच सामने खेळले, तर एका तासिकेत शंभर सामन्यांची नोंद फळ्यावर येईल, आणि वरचे आकडे कितपत खरे ठरतात ते साऱ्या वर्गाला दिसेल.